दोन वन्समोअरची तरतूद

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला सतरा मिनिटं उशीर झाला. सभागृह वॉर्ड ऑफिसचं होतं, पाच वाजता रिकामं करून द्यायचं होतं, आणि आम्ही ते पाच वाजून सतरा मिनिटांनी दिलं. सभागृहाचे व्यवस्थापक इनोउए-सान दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकून निरोप देत होते. ते एकदाही रागावले नाहीत. त्यामुळेच सगळे घाबरले.

मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वर एका बँकेच्या सिस्टिमवर काम करणाऱ्या साठ पुणेकरांचे प्रोजेक्ट मॅनेजर होते. त्यांनी जपानीत माफीपत्र लिहिलं, त्याचे तीन मसुदे केले, चौथा पाठवला. मग मूळ कारण शोधायला बैठक बोलावली. त्यांच्या ऑफिसात पाच वेळा 'का' विचारायची पद्धत होती, तीच इथे वापरली. उशीर का झाला? कार्यक्रम लांबला. का लांबला? गाणी पुन्हा म्हटली गेली. का? वन्समोअर आले. का आले? लोकांना गाणी आवडली. पाचवा 'का' कुणी विचारला नाही. मूळ कारण म्हणून 'लोकांना गाणी आवडणे' असं इतिवृत्तात नोंदवलं गेलं आणि त्यावर उपाययोजना करायची असं ठरलं.

हे २००७ साल. टोकियोच्या तोयोसु भागात खाडीच्या कडेला टॉवरमागून टॉवर उभे राहत होते आणि पुण्या-मुंबईहून टीममागून टीम उतरत होती. येताना प्रत्येक जण प्रेशर कुकर, गणपतीची छोटी मूर्ती आणि आपण इथे दोनच वर्षं राहणार आहोत ही समजूत घेऊन येत असे. मी सहा वर्षं पुण्याच्या कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली होती. नवरा श्याम याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आले. आठवड्यातून तीन दिवस स्टेशनजवळच्या बेकरीत अरुबाइतो करते, म्हणजे तासावर काम. पावाच्या कणकेचे गोळे वजन करून पुढे द्यायचे. एम.एस्सी. वाया गेलं असं आई फोनवर म्हणते. माझे गोळे दोन ग्रॅमच्या आत असतात.

"उल्का फार अचूक आहे," असं मंडळात माझ्याबद्दल म्हणत. याचा अर्थ मी बैठकीत बोलत नाही एवढाच होता. पण त्यामुळे कार्यक्रमाची वेळ सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

उपाययोजना अशी ठरली. बारा गाणी-नाच, प्रत्येकाला मिनिटं ठरलेली, आणि संपूर्ण कार्यक्रमात वन्समोअर दोन. प्रत्येकी पाच मिनिटं. पहिला चार नंबरला, मुलांच्या मोरनाचाला, कारण तिथे आईबाप ऐकणार नाहीत. दुसरा अकरा नंबरला. अकरा नंबरचं भावगीत स्वतः मोरेश्वर म्हणणार होते.

"दर वर्षी आग्रह होतोच," ते एक्सेलच्या त्या रकान्याकडे बघत म्हणाले. "मग तो प्लॅनमध्ये असलेला बरा."

भारतातून येणाऱ्या पाहुण्या कलाकारांना एकही नव्हता. मी तसं विचारलं तर मोरेश्वर म्हणाले, "उल्का-सान, कलाकार बाहेरचे आहेत. वेळ आपली आहे."

मंडळाच्या अडीचशे सभासदांना ईमेल गेली. रसिकांना नम्र विनंती, की छापील पत्रिकेत चांदणी असलेल्या गाण्यांनाच वन्समोअर द्यावा. उत्स्फूर्तता राहावी म्हणून सहा स्वयंसेवक नेमले, तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या रांगेत दोन-दोन. मी पहिल्या रांगेच्या कडेला बसून कार्डं दाखवायची. हिरवं म्हणजे सुरू, पिवळं म्हणजे दोन मिनिटं, लाल म्हणजे थांबा. चौथं कार्ड पांढरं, त्यावर चांदणी. ते वर गेलं की सहा जणांनी ओरडायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची.

श्याम सातव्या रांगेतला स्वयंसेवक होता. तो घरी सराव करू लागला. आमची आठ वर्षांची नेत्रा गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "पापा, उरुसाई." म्हणजे, आवाज नको. श्यामने मग उशीत तोंड घालून सराव केला.

यंदा मंडळाने पहिल्यांदाच भारतातून पार्टी बोलावली होती. हरीश आणि त्याचे तीन कलाकार. हरीश स्वतः कीबोर्ड वाजवायचा, निवेदन करायचा आणि विनोद सांगायचा. वाजवणं त्यातल्या त्यात बरं होतं. त्याची पार्टी एका गावची नव्हतीच. आखातात तेलाचा पैसा आला तेव्हा तो कुवेत-मस्कतला होता. सन दोन हजारला कॅलिफोर्नियात होता.

"सोनं निघालं की आधी फावडेवाला पोचतो, मग खानावळवाला, मग आम्ही," विमानतळावरून येताना त्याने श्यामला आणि मला सांगितलं. "आणि ताई, सोनं किती टिकणार ते मला स्टेजवरून दिसतं. नुसते पुरुष समोर असले तर खाण नवी. बायकापोरं आली तर पाच-सात वर्षं घट्ट. आणि मंडळात दोन गट पडून दोन दिवाळ्या व्हायला लागल्या, की मी पुढच्या देशाचं तिकीट बघतो."

"आमच्यात गट नाहीत," श्याम म्हणाला.

"होतील, होतील," हरीश धीर दिल्यासारखा म्हणाला.

कलाकारांना सभासदांच्या घरी वाटून दिलं. हरीश आणि ढोलकीवाले सदानंद मोरेश्वरांकडे गेले. शमा नावाची तेवीस वर्षांची गायिका, जी लॅपटॉपमधल्या संगीतावर गायची, ती एका बॅचलर मुलींच्या फ्लॅटवर. आमच्याकडे प्रभावतीबाई आल्या. वय अठ्ठावन्न. पंचवीस वर्षं तमाशाच्या फडात, मग ऑर्केस्ट्रात. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणली होती, तिला विमान कंपनीने 'नाजूक' असं लेबल लावलं होतं. तिच्यात घुंगरं होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तालमीला मेट्रोने नेलं. डबा भरलेला होता आणि कुणीही बोलत नव्हतं. प्रभावतीबाईंनी तीन स्टेशनं वाट पाहिली.

"कोन गेलं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"कुणी नाही. इथे असंच असतं."

"आपली मान्संबी गप?"

समोर आमच्याच मंडळाचे दोघे बसले होते. त्यांनी प्रभावतीबाईंना ओळखलं होतं आणि म्हणून डोळे मिटून घेतले होते.

"तीपण," मी म्हणाले.

"मग माझं अवघड हाय, मास्तरीणबाई."

काय अवघड, ते त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. मी भाजी चिरत होते, त्या कोथिंबीर निवडत होत्या आणि देठं कुठल्या कचऱ्यात टाकायची हे दर वेळी विचारत होत्या. हरीशला यापुढे शमाचा नाजूक आवाज आणि लॅपटॉप पुरणार होता. ढोलकीवाल्याचं तिकीट नको, लावणीवालीचं नको. शमा सगळं गायची. पण हरीशचा एक जुना नियम होता आणि तो तो पाळायचा: ज्याला वन्समोअर मिळतो तो पार्टीत राहतो. पार्टी टोकियोहून नागोयाला आणि तिथून सिंगापूरला जाणार होती.

"वन्समोअर आला तर नागोया," प्रभावतीबाई म्हणाल्या. "न्हाई आला तर मंगळवारचं इमान. सदाभाऊबी माझ्यासंगट घरी. आन घरी जाऊन काय करायचं? सुनंच्या हाताखाली जवारी निवडायची."

"तुम्हाला येईलच की."

"आजवर आला न्हाई असं झालं न्हाई. नारायणगावला पाच आल्येत एका रात्रीत. मस्कतला शेख उठून हुबा ऱ्हायला, त्याला भाषा येत नव्हती तरी." त्यांनी एक देठ उचललं. "ह्ये जळणारं का न जळणारं?"

माझ्या मागे फ्रीजवर कार्यक्रमाची पत्रिका चुंबकाने लावलेली होती. नऊ. लावणी. प्रभावतीबाई. आठ मिनिटं. चांदणी नाही. त्यांना मी ते सांगितलं नाही. देठं जळणाऱ्यात जातात एवढं सांगितलं.

त्या संध्याकाळी मी मोरेश्वरांना रीतसर बदल-विनंती पाठवली. त्यासाठी फॉर्म होता. आमच्याकडे सगळ्याला फॉर्म होता. प्रस्तावित बदल: दुसरा वन्समोअर अकरावरून नऊवर. वेळेवर परिणाम: शून्य. कारण: कलाकाराच्या उपजीविकेचा प्रश्न.

दहा मिनिटांत फोन आला.

"उल्का-सान, भावना समजल्या. पण प्लॅनची बेसलाइन शुक्रवारीच फ्रीझ झाली."

"आज रविवार आहे. कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे."

"तेच म्हणतोय. आता एकासाठी बदललं, तर उद्या शमा म्हणेल मला पण. मग हरीश. आणि वन्समोअर असा देता येत नाही हो. तो प्रेक्षकांतून यावा लागतो."

मी फ्रीजवरच्या पत्रिकेत अकरा नंबरची चांदणी बघितली.

"हॅलो?"

"अकरा नंबरचा प्रेक्षकांतून येणार आहे का?"

"तो वेगळा विषय आहे," मोरेश्वर म्हणाले. विनंती नामंजूर झाल्याचा शेरा त्यांनी माझ्याच फॉर्मवर लाल अक्षरांत टाकून परत पाठवला.

कार्यक्रमाच्या दिवशी अडीचशेपैकी दोनशे एकतीस लोक आले. सगळे वेळेवर आले. चपला ओळीत, छत्र्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोबाइल बंद. पुण्यात याच माणसांनी नाटकात मागच्या रांगेतून तिखट शेरे मारले असतील. इथे ती दोन वर्षांत शिंकताना माफी मागायला शिकली होती. इनोउए-सान मागच्या दाराशी उभे होते. त्यांच्या हातात मोरेश्वरांनी दिलेलं जपानीतलं वेळापत्रक होतं आणि ते प्रत्येक गाण्यानंतर त्यावर पेन्सिलीने टिक करत होते.

मोरनाचाला मी पांढरं कार्ड वर केलं. त्याची काही गरज नव्हती. आईबाप आधीच उभे होते. दुसऱ्या फेरीत एका मोराचा पिसारा गळून पडला, तो रडायला लागला, त्याच्या आजीने स्टेजवर जाऊन पिसारा सेफ्टीपिनने लावला, आणि लावला आहे तर नाचू दे म्हणून तिसरी फेरी झाली. पाचऐवजी अकरा मिनिटं गेली. मी ती नोंदली. उरलेल्या वेळात फारतर एकच वन्समोअर बसत होता, तोही मिनिटभर इकडेतिकडे न होता.

सात नंबरला शमा गायली. चांगली गायली. लॅपटॉपमधून पस्तीस व्हायोलिनं आली, आणि मध्येच बॅटरीचा इशारा देणारी एक घंटीही आली; लोकांनी तीही नव्या पद्धतीचं संगीत समजून मानेने दाद दिली. टाळ्या पडल्या. शमा छान हसली आणि गेली.

मग प्रभावतीबाई आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, पायांत ट्रंकेतली घुंगरं. त्या उभ्या राहिल्या नाहीत, स्टेजच्या मधोमध बसल्या. बैठकीची लावणी होती. सदानंदांनी ढोलकीवर पहिली थाप दिली तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक बाई दचकून मागे बघू लागली, आवाजाबद्दल तक्रार तर येणार नाही ना म्हणून.

लावणी एका बाईची होती. तिचा राया सकाळी घाईघाईने तिच्याकडून निघाला आणि पागोटं तिच्या खुंटीवर विसरला. ती म्हणते, आता भर बाजारात उघड्या डोक्यानं जाल कसं, पाटील कुलकर्ण्यांनी विचारलं तर सांगाल काय. प्रत्येक कडव्यात नवा माणूस त्याला अडवतो आणि प्रत्येक वेळी त्याला नवी थाप मारावी लागते. प्रभावतीबाईंनी उठून काही केलं नाही. एकदा भुवई, एकदा मनगट, एकदा पदर असा सावरला की तो आणखी घसरावा. तिसऱ्या कडव्याला त्यांनी न बघता बरोबर मोरेश्वरांच्या दिशेने बोट केलं. मोरेश्वरांच्या डोक्यावर त्या दिवशी अध्यक्ष म्हणून फेटा होता. त्यांनी तो नकळत चाचपला. सभागृहात हसू फुटलं आणि लगेच आवरलं गेलं.

शेवटच्या कडव्यात राया पागोटं न्यायला परत येतो, आणि नेतो. पण डोकं ठेवून जातो, असं ती म्हणते.

आठ मिनिटं चार सेकंद. ढोलकी थांबली.

मी लोकांकडे वळून बघितलं. दोनशे एकतीस माणसं खुर्चीच्या काठावर आली होती. अकराव्या रांगेतला एक सिस्टिम आर्किटेक्ट तोंड उघडं ठेवून बसला होता. टाळ्या जोरात होत्या. आणि मग मी तो प्रकार बघितला: एकेक डोकं खाली गेलं. ते पत्रिका बघत होते. नऊ नंबरला चांदणी नव्हती. कुणी वर बघितलं, कुणी शेजाऱ्याच्या पत्रिकेत बघितलं, न जाणो आपल्या प्रतीत छपाईची चूक असेल. शेजाऱ्याच्याही प्रतीत चांदणी नव्हती. टाळ्या ओसरू लागल्या.

प्रभावतीबाई हात जोडून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, लोकांकडेही नाही. विंगेत हरीश उभा होता, त्याच्याकडे बघत होत्या. हरीश पुढच्या गाण्याचा कागद शोधत होता.

स्वयंसेवकांना दिलेली सूचना मीच टाइप केली होती. 'पांढरं कार्ड वर गेल्यास ओरडणे.' कुठल्या नंबरला, असं तिच्यात लिहिलेलं नव्हतं.

मी उभी राहिले आणि कार्ड वर केलं.

पहिले दोन सेकंद काहीच झालं नाही. सातव्या रांगेत श्यामने कार्ड बघितलं, पत्रिका बघितली, पुन्हा कार्ड बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मला पूर्ण प्रक्रिया दिसत होती: दोन सूचना परस्परविरोधी आहेत, कुठली नंतरची, कुठली वरची. मग त्याने बायकोकडे बघितलं, आणि त्याचा प्रश्न सुटला.

"वन्समोअर!"

बाकीचे पाच ओरडले. आणि मग सभागृह ओरडलं. वर्षभर मेट्रोत, लिफ्टमध्ये आणि मीटिंगमध्ये गिळलेला आवाज एकदम बाहेर यावा तसं. आर्किटेक्टने शिट्टी मारली. त्याच्या बायकोला तो शिट्टी मारू शकतो हे तेव्हा कळलं. मागे इनोउए-सान पेन्सिल धरून एका बाईला काहीतरी विचारत होते.

प्रभावतीबाईंनी दुसऱ्या वेळी सगळं सावकाश घेतलं. पाच मिनिटांचे सहा केले. मी पिवळं कार्ड दाखवलं तर त्यांनी ते अदेत धरलं आणि मलाच नजरेने विचारलं, का गं, तुझ्याकडे कुणाचं काय राहिलंय.

दहा नंबर आटोपला. अकरा नंबरला मोरेश्वर आले. त्यांनी भावगीत म्हटलं. सुरात म्हटलं, शब्द सगळे बरोबर होते, आणि संपल्यावर ते माइकपाशीच थांबले. टाळ्या झाल्या. त्यांनी मान झुकवली. टाळ्या थांबल्या. ते हसत उभे राहिले.

लोक माझ्याकडे बघत होते. अकरा नंबरला चांदणी होती, पण कार्ड वर नव्हतं. नऊ नंबरवर ते एवढं शिकले होते की कार्ड मोठं. सहा स्वयंसेवक सशासारखे कान टवकारून बसले होते. मोरेश्वरही माझ्याकडे बघू लागले. चेहऱ्यावरचं हसू तसंच, फक्त भुवया किंचित वर. मी घड्याळ बघितलं. अकरा सेकंद. स्टेजवर उभ्या माणसाला अकरा सेकंद फार असतात.

मी लाल कार्ड दाखवलं. ते वेळापत्रकात होतं.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सभागृह रिकामं झालं. इनोउए-सान माझ्यापुढे वाकले, नेहमीपेक्षा थोडे खोल.

बाहेर सायकल स्टँडपाशी हरीशने मला गाठलं. प्रभावतीबाई ट्रंकेवर बसून घुंगरं सोडत होत्या.

"ताई, एक विचारू? खरं सांगा. तो वन्समोअर कार्डावर आला की आपसूक?"

इथे थोडं कमीजास्त बोलता आलं असतं. सहा वर्षं मी मुलांना शिकवलं होतं की प्रयोगाचं रीडिंग आवडलं नाही तरी आहे तेच लिहायचं.

"पहिले सहा कार्डावर," मी म्हणाले. "बाकीचे आपसूक. दोनशेच्या आसपास. नक्की आकडा नाही सांगता येणार."

प्रभावतीबाईंचा हात घुंगरावर थांबला.

हरीश मोठ्यांदा हसला. "अहो ताई, पहिले सहा कधी आपसूक असतात का? तीस वर्षं मी माझे सहा बसवतोय. मस्कतचा शेख उठून उभा राहिला ना, त्याला आमचा ड्रायव्हर कोपराने ढोसत होता."

"आरं मुडद्या," प्रभावतीबाई म्हणाल्या. "मला कदी बोलला न्हाईस."

"बोललो असतो तर त्या दिवशीसारख्या गायला असता?" मग माझ्याकडे वळून, "सहाला दोनशे म्हणजे माल खरा आहे. बाई, नागोया. सदाभाऊ, ढोलकी पॅक करा नीट, बुलेट ट्रेनला जायचंय."

प्रभावतीबाईंनी आभार वगैरे मानले नाहीत. घुंगरं फडक्यात बांधत म्हणाल्या, "कार्ड लई उशिरा वर केलंत, मास्तरीणबाई. टाळी मोडायच्या आत करायचं असतंय. माझा जीव गेला हुता."

तेवढ्यात मोरेश्वर आले. फेटा काढून हातात घेतला होता.

"उल्का-सान. पांढरं कार्ड नऊला वर गेलं."

"हो."

"अकराला गेलं नाही."

"शिल्लक नव्हता. मोरनाचात सहा मिनिटं गेली."

"मला मूळ कारण हवंय."

"लोकांना गाणं आवडलं," मी म्हणाले.

त्यांना राग आला असता तर सोपं होतं. पण ते खरोखरच विचारात पडले होते. शेवटी त्यांनी प्रभावतीबाईंकडे बघितलं, परीक्षेचा पेपर दाखवावा तसं. "बाई, माझं गाणं ऐकलंत तुम्ही. काही कमी होतं का?"

"न्हाई साहेब. एकबी शब्द चुकला न्हाई."

"तालीम खूप केली होती."

"त्ये कळलं."

मोरेश्वर समाधानाने गेले. सदानंद ढोलकीवर वाकून हसू लपवत होते.

मला वाटलं, झालं. पण मोरेश्वर कामाचा माणूस होता. त्यांनी बुधवारपर्यंत कार्यक्रमाचा अहवाल तयार केला आणि नागोयाच्या मंडळाला पाठवला. त्यात मला नावं ठेवली नव्हती. 'कार्ड पद्धत यशस्वी. मात्र कार्ड वापरणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणे धोक्याचे. पुढील वेळी सुधारणा व्हावी.' नागोयाच्या मंडळाचे अध्यक्ष अवधूत इंजिनचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. सुधारणा हा त्यांचा नुसता व्यवसाय नव्हता, स्वभाव होता. त्यांचा मला फोन आला.

"वहिनी, कार्डाचा साइज काय होता? ए-फोर?"

"ए-फोर."

"आम्ही ए-थ्री करतोय. आणि मर्जीचा भाग काढून टाकलाय. दोन्ही वन्समोअर थेट प्रभावतीबाईंना दिले. टोकियोत चाललं म्हणजे सिद्ध झालेलं आहे. स्वयंसेवक आठ. कार्ड पाचव्या मिनिटाला आणि दहाव्या मिनिटाला."

"लावणी आठ मिनिटांची आहे," मी म्हणाले.

"हो, स्लॉट पंधराचा दिलाय. भरपूर आहे."

"पण पाचव्या मिनिटाला ती संपलेली नसते."

"वहिनी," अवधूत समजुतीने म्हणाले, "वन्समोअर म्हणजे पुन्हा म्हणा. ते कधीही म्हणता येतं."

मी त्यांना आकृती काढून ईमेल केली. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं.

सोमवारी दुपारी बेकरीतून परतले तर प्रभावतीबाईंचा फोन. त्या नागोयाच्या विमानतळावर होत्या.

"मास्तरीणबाई, ही कसली मान्सं? दुसरं कडवं गात व्हते, पाटलानं रायाला अडवलंय, आन आठ जनं उठून बोंबलली, वन्समोअर! मी थांबले. हात जोडले. आता मागितलाय तर द्यायला नगं? पयल्यापासनं धरलं. पाटलापाशी आले, पुन्ना बोंबलली."

"मग?"

"पुन्ना पयल्यापासनं. पुन्ना पाटील. तवर लाल पाटी आली. पाटलाच्या म्होरं नागोया गेलंच न्हाई."

"लोक काय म्हणाले?"

"खूश! बायका पाया पडल्या. एक जन म्हनला, बाई, काय तुमची ताकद, एका लावनीला दोन वन्समोअर." मग म्हणाल्या, "हरीश म्हनतो सिंगापूर, मग दुबई, मग वर्सभर. सदाभाऊलाबी. माझी जवारी टळली."

"मी अवधूतना पुन्हा सांगते. सिंगापूरच्या लोकांनाही कळवते, कार्ड शेवटीच..."

"आवो, न्हाई! हात नगा लावू कशाला," प्रभावतीबाई घाईने म्हणाल्या. त्यांच्या मागे सूचनांचा जपानी आवाज चालला होता आणि त्यावर हरीशचा. तो सिंगापूरच्या कुणालातरी फोनवर सांगत होता की पाच मिनिटं, दहा मिनिटं, बरोबर, आणि पार्टीबरोबर कार्डं आम्हीच आणतो.